आठ दिवसांनी मोठा खेळाडू आणि बाकीचे अकरा जण

पत्र

मी नवी मुंबईतल्या एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये आमच्या १४ वर्षांखालील मुलांनी सोळा शाळांची एक कबड्डी स्पर्धा जिंकली. बाद पद्धत होती. उपांत्य सामना ३१-२९ असा निसटता सुटला. त्यात हरलेल्या शाळेने तीन दिवसांनी आक्षेप घेतला, की आमचा एक चढाईपटू वयात बसत नाही. नियमावलीत ‘१ जानेवारी २०१२ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेला’ अशी अट होती. आमच्या जनरल रजिस्टरला आणि त्याच्या आधारवर ६ जानेवारी २०१२ आहे, पण जन्मदाखल्यावर २४ डिसेंबर २०११ निघाली. ६ जानेवारी ही जन्माची नोंद झाल्याची तारीख होती. पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी कुणीतरी तीच उतरवली. घरचे वाढदिवस २४ डिसेंबरलाच करतात. मलाही ते ठाऊक होतं, पण फॉर्म भरताना समोर रजिस्टर होतं. पहिल्या सामन्यात तो राखीव होता, पुढचे तिन्ही खेळला.

आता विजेतेपद रद्द करून उपविजेत्यांना दिलंय. मुलावर दोन वर्षांची बंदी आहे आणि आमच्या शाळेच्या सगळ्या कबड्डी संघांना, मुलींच्याही, पुढच्या वर्षी प्रवेश नाही. हे सगळं व्हॉट्सॲप ग्रुपवर कळवलं. बाकीच्या अकरा जणांनी काय पाप केलं होतं? अपील करावं का?

— एक क्रीडाशिक्षिका, कोपरखैरणे

(संयोजकांचं आणि शाळांची नावं मुद्दाम छापलेली नाहीत.)

उत्तर

मॅडम, अपील जरूर करा. मात्र चषक परत मिळवण्यासाठी करू नका. तो गेला ते योग्यच झालं. मुलावरची बंदी आणि मुलींच्या संघावर आलेली कुऱ्हाड या दोन गोष्टींना टिकण्यासारखा आधार दिसत नाही, तेव्हा सगळा जोर तिथे लावा.

अकरा मुलांच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण अपिलात हाच मुद्दा पहिला लिहावासा वाटेल आणि तोच तुमचं अपील बुडवेल. तुमच्या अकरा जणांनी काहीच केलं नव्हतं, हे खरं. पण समोरच्या बारा जणांनी तरी काय केलं होतं? ते वयाच्या अटीत बसणारा संघ घेऊन आले, वजनकाट्यावर उभे राहिले आणि दोन गुणांनी हरले. सामन्याचा निकाल काढून घेणं ही खरं तर शिक्षा नाहीच. जो निकाल नियमात बसून लागला नव्हता, तो कागदावरून पुसणं एवढंच ते आहे. म्हणूनच तिथे हेतू बघत नाहीत. चूक कारकुनाची असो, पालकांची असो की तुमची, अपात्र खेळाडू मैदानात उतरला की तो सामना गेला. अमेरिकेत शालेय खेळांचा कारभार राज्या-राज्यांच्या संघटना बघतात. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी नकळत झालेल्या चुकीलाही सामना गमावण्याची तरतूद आहे. फुटबॉलमध्ये फिफा अशा सामन्याचा निकाल ०-३ असा नोंदवते.

आठच दिवसांचा फरक होता, हेही लिहू नका. सीमारेषेबाहेर नुसता अंगठा टेकला काय आणि अख्खा पाय पडला काय, पंच ‘बाद’च म्हणतो. आणि त्याचे चढाईचे गुण वजा करून निकाल मांडायला जाऊ नका. त्या चढाया त्याने केल्या नसत्या तर दुसऱ्या कुणीतरी केल्या असत्या. त्यातून काय झालं असतं, कोण कधी बाद होऊन बाहेर बसलं असतं, लोण (म्हणजे अख्खा संघ बाद होणं) कधी चढला असता, हे गणित कुणालाच सुटणार नाही.

आक्षेप तीन दिवसांनी आला, या मुद्द्यावरही फार भिस्त ठेवू नका. पंचांच्या निर्णयाविरुद्धचा आक्षेप सामना संपल्यावर ठरलेल्या मुदतीत, लेखी आणि शुल्क भरून द्यावा लागतो. पात्रतेचा आक्षेप वेगळा असतो. बऱ्याच नियमावल्यांत तो नंतरही घेता येतो, कारण कागद नंतरच हाती लागतात. तुमच्या नियमावलीत पात्रतेच्या आक्षेपालाही स्पष्ट मुदत लिहिलेली असेल तरच हा मुद्दा घ्या, आणि तोही शेवटी.

निकालाच्या बाबतीत तुमच्याकडे एक चांगला मुद्दा मात्र आहे, आणि तो तुमच्या लक्षात आलेला दिसत नाही. पहिल्या सामन्यात मुलगा राखीव होता. चारही सामन्यांच्या गुणपत्रकांच्या प्रती मागून घ्या. सुरुवातीचे सात कोण, राखीव पाच कोण, बदली केव्हा झाली, हे सगळं त्यावर असतं आणि खाली पंच-गुणलेखकाची सही असते. पहिल्या सामन्यात तो खरोखरच मैदानात उतरला नसेल, तर तो विजय तुमचा राहायला हवा. नियमावलीत ‘यादीत नाव असणं’ हाच भंग धरला असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून नेमके शब्द वाचा. ‘खेळवणे’ लिहिलं असेल तर तुमचा संघ उपांत्यपूर्व फेरीत बाद झाला, अशी नोंद मागा. पहिली फेरी जिंकल्याची नोंद ही त्या अकरा जणांच्या हक्काची आहे.

आता चषकाचं बघू. संयोजकांनी तो उपविजेत्यांना देऊन टाकला. हे सोपं असतं, म्हणून बहुतेक ठिकाणी हेच होतं. पण अन्यायाची सगळ्यात मोठी गाठ इथेच आहे. तुमच्याकडून उपांत्यपूर्व आणि उपांत्य फेरीत हरलेल्या दोन शाळांना यातून काय मिळालं? काहीच नाही. आक्षेप घेणाऱ्या शाळेच्या हातीसुद्धा भोपळा आला. ३१-२९ असा सामना देणारा संघ घरी बसला आणि भलताच संघ विजेता ठरला.

मोठ्या स्पर्धांतही हे घडलंय. २०१८ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या पात्रता फेरीत, सप्टेंबर २०१६ मध्ये, बोलिव्हियाने नेल्सन काब्रेरा या अपात्र खेळाडूला पेरू आणि चिली या दोघांविरुद्ध उतरवलं. चिलीने तक्रार केली. फिफाने दोन्ही सामन्यांचे निकाल ३-० असे फिरवले. चिलीचा सामना ०-० बरोबरीत सुटला होता, त्यामुळे त्यांना दोन गुण जादा मिळाले. पेरू ०-२ असा हरला होता, त्याला तीन मिळाले. वर्षभराने दोघांचेही २६ गुण झाले, गोलफरकावर पेरू पुढे गेला आणि तक्रार करणारी चिली विश्वचषकाला मुकली. साखळीत ही गत, तर बाद पद्धतीत विचारायलाच नको.

म्हणून अपिलात एक गोष्ट तुम्ही स्वतःहून सुचवा: उपविजेत्यांना फुकटचा चषक देण्याऐवजी राहिलेले सामने पुन्हा खेळवा. उपांत्यपूर्व फेरीत तुमच्याकडून हरलेली शाळा विरुद्ध आक्षेप घेणारी शाळा, आणि त्यातला विजेता विरुद्ध उपविजेते. या वयात पंधरा मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये पाच मिनिटं, म्हणजे सामना पस्तीस मिनिटांचा. दोन सामने, मध्ये तासाभराची विश्रांती, एका सकाळचं काम. वर्गणी काढून चषक विकत घेण्याइतकाही खर्च नाही. तुमची शाळा त्यात खेळणार नाही. पण ही सूचना तुमच्याकडून आली, तर समितीपुढे तुमच्या बाकीच्या मागण्यांचं वजन किती वाढेल, ते तुम्हीच बघाल. सूचना मान्य होवो न होवो, चषक आणि प्रमाणपत्रं अपिलाच्या आधीच परत करा आणि पोच घ्या.

आता शिक्षा. निकाल रद्द करताना हेतू बघायचा नसतो, पण शिक्षा देताना हेतू हाच मुख्य प्रश्न असतो, आणि ती ज्याची चूक त्यालाच व्हायला हवी. या बाबतीत अमेरिकेतलं २००१ चं एक प्रकरण सांगण्यासारखं आहे. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या लिटल लीग बेसबॉलमध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या संघाकडून डॅनी अल्मोंटे नावाचा मुलगा अफाट खेळला. संघ तिसरा आला. मग कळलं की तो १९८९ चा नसून १९८७ चा, म्हणजे चौदा वर्षांचा आहे. संघाचे सगळे विजय पुसले गेले. मुलाचे वडील आणि संघाचे संस्थापक यांच्यावर आजन्म बंदी आली. मुलाला मात्र दोषी धरलं नाही, कारण कागद मोठ्यांनी केले होते. त्या प्रकरणात उघड बनवाबनवी होती, तुमच्याकडे नोंदीची चूक आहे. तिथे मुलाला सोडलं आणि तुमच्याकडे आठवीतल्या पोराला दोन वर्षं बाहेर बसवलंय.

आपल्याकडे क्रिकेट नियामक मंडळाने २०२० मध्ये याच धर्तीची वाट काढली होती. वयाचे कागद फिरवले आहेत हे खेळाडूने ठरलेल्या मुदतीत स्वतःहून कबूल केलं, तर निलंबन नाही, योग्य वयोगटात खेळायला मोकळीक. लपवलं आणि पुढे सापडलं तर दोन वर्षांची बंदी. म्हणजे दोन वर्षांची बंदी ही जाणूनबुजून खोटे कागद देऊन वर ते लपवणाऱ्यासाठी होती. तुमच्या विद्यार्थ्याला तीच मोजपट्टी लावायची तर आधी खोटेपणा सिद्ध करायला हवा.

खोटेपणा नव्हता हे दाखवायला तुमच्याकडे पुरावा आहे. जन्मदाखल्यावर जन्म दिनांक, नोंदणी क्रमांक आणि नोंदणी दिनांक असे वेगवेगळे रकाने असतात. शिवाय खाली दाखला दिल्याची तारीख वेगळीच. जन्माची नोंद एकवीस दिवसांच्या आत करायची असते. २४ डिसेंबरचा जन्म ६ जानेवारीला नोंदला गेला, म्हणजे मुदतीतच. दाखल्याची प्रत घ्या आणि नोंदणी दिनांकाभोवती पेन्सिलीने गोल करा. शेजारी जनरल रजिस्टरचा उतारा लावा; त्यात मुलाच्या प्रवेशाची तारीख असेल. रजिस्टरमधली चुकीची तारीख नेमकी नोंदणीचीच आहे आणि ती पहिलीच्या प्रवेशापासूनची आहे. सहा वर्षांच्या पोराला २०१८ मध्ये कुणी २०२५ च्या कबड्डीसाठी तेरा दिवस लहान करत नाही. पूर्वी ‘१ जून’ला जन्मलेली माणसं गावोगाव का सापडायची, हे शाळेत काम करणाऱ्यांना सांगायला नको, पहिलीच्या प्रवेशाची टेबलं अजूनही घाईचीच असतात.

पण एक वाक्य टाळा: ‘आम्हाला माहीत नव्हतं.’ वाढदिवस २४ डिसेंबरला होतो हे तुम्हाला माहीत होतं, घरच्यांना तर होतंच. वर्गाच्या ग्रुपवर त्या दिवशीच्या शुभेच्छा कुणाच्या ना कुणाच्या फोनमध्ये असणारच, आणि समितीपुढे त्याचा स्क्रीनशॉट आला की तुमचं बाकीचं खरंही खोटं ठरेल. त्यापेक्षा सरळ लिहा, की वाढदिवस माहीत असूनही रजिस्टर आणि दाखला ताडून पाहिला नाही, हा निष्काळजीपणा शाळेचा आणि क्रीडाशिक्षिकेचा. याची जी समज द्यायची ती तुम्हाला आणि मुख्याध्यापकांना द्यावी, अशी मागणीही करा. समितीला शिक्षा कुणाला तरी द्यायची असतेच. योग्य माणूस पुढे आला की मुलं सुटण्याची शक्यता वाढते.

आधारचा आधार मात्र घेऊ नका. आधार ही ओळख आहे, जन्मतारखेचा पुरावा नाही, हे आधार प्राधिकरणानेच स्पष्ट केलंय. सर्वोच्च न्यायालयानेही ऑक्टोबर २०२४ मध्ये एका अपघात भरपाईच्या प्रकरणात वयासाठी आधारऐवजी शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला. जन्मदाखला आणि आधार यांत फरक असेल तर वाद जन्मदाखल्यावर मिटतो. आणि कुणी ‘मनगटाचा एक्स-रे काढून घ्या’ असं सुचवलं, तर ऐकू नका. हाडांच्या वाढीवरून वयाचा अंदाज निघतो, तारीख निघत नाही. क्रिकेटमध्ये डाव्या मनगटाचा एक्स-रे काढतात तो वर्ष-दोन वर्षांची लबाडी पकडायला. आठ दिवसांचा फरक त्यात दिसणं शक्यच नाही. शिवाय इथे वयाबद्दल वादच उरलेला नाही.

राहिला मुलींचा संघ. यावर फार लिहायची गरज नाही. ज्या खेळल्या नाहीत आणि ज्यांच्या यादीत हा मुलगा नव्हता, त्यांना बाहेर ठेवण्याचा नियम संयोजकांनी दाखवावा. नियम नसेल तर शिक्षा नाही.

क्रम असा ठेवा. अपिलाच्या आधी एक साधं पत्र द्या: निर्णयाची लेखी प्रत, कोणत्या कलमाखाली कोणती शिक्षा, आणि समितीच्या बैठकीला कोण होतं. व्हॉट्सॲपवरचा मजकूर म्हणजे निर्णय नव्हे. शाळेला नोटीस न देता, बाजू न ऐकता दोन वर्षांची बंदी घातली असेल तर ती तेवढ्याच कारणावर डळमळीत होते. प्रत मिळाली की तीच तारीख धरून अपिलाची मुदत मोजा. ग्रुपवर मात्र एक अक्षरही लिहू नका, पालकांनाही आवरा. पत्र मुख्याध्यापकांच्या सहीने, जावक क्रमांकासह जाऊ द्या. क्रीडाशिक्षिकेच्या एकटीच्या सहीवर गेलेली पत्रं ‘शाळेचं म्हणणं नाही’ म्हणून बाजूला पडतात.

अपील एका पानात बसवा. मजकूर साधारण असा:

‘दि. … च्या निर्णयातील निकाल रद्द करण्याचा भाग शाळेस मान्य असून चषक व प्रमाणपत्रे दि. … रोजी परत केली आहेत. संबंधित विद्यार्थी पहिल्या सामन्यात खेळलेला नसल्याने त्या सामन्याचा निकाल कायम ठेवावा. जन्मतारखेची चूक इयत्ता पहिलीच्या प्रवेशावेळी नोंदणी दिनांक उतरवल्याने झाली असून दाखला व रजिस्टरचा उतारा सोबत जोडला आहे. कागदपत्रे ताडून न पाहण्याची जबाबदारी शाळेची आहे. विद्यार्थ्याने कोणताही खोटा कागद सादर केलेला नसल्याने त्याच्यावरील बंदी, तसेच इतर वयोगटांच्या व मुलींच्या संघांवरील बंदी रद्द करावी. उर्वरित सामने पुन्हा खेळवल्यास शाळेची हरकत नाही.’

जोडायच्या कागदांत जन्मदाखला, रजिस्टरचा उतारा, चार गुणपत्रकं, चषक परत केल्याची पोच. बस. मुलाच्या गरिबीचं, मेहनतीचं, वडिलांच्या नोकरीचं वर्णन नको.

तुमची स्पर्धा खाजगी दिसते, त्यामुळे अपील संयोजकांच्या समितीपुढेच जाईल. हीच वेळ शासकीय शालेय स्पर्धेत आली तर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे लेखी दाद मागायची, तिथे न जमल्यास विभागीय उपसंचालकांकडे. तिथे माहितीचा अधिकारही वापरता येतो. अर्जाला दहा रुपये आणि उत्तराला तीस दिवस. पण तीस दिवसांत पुढची फेरी होऊन गेलेली असते, त्यामुळे प्रत थेट मागणंच बरं.

संघाशी बोलाल तेव्हा पत्र वाचून दाखवू नका, आणि परिपाठाला तर हा विषय नकोच. बाराही जणांना एकत्र बसवून दोन वाक्यं पुरेत: तारीख तपासायचं काम माझं होतं, ते राहिलं. त्या मुलाचं नाव या वाक्यात येऊ देऊ नका. बाकीची मुलं त्याला ‘तुझ्यामुळे’ म्हणणार, ते पहिल्या दिवशीच थांबवावं लागतं.

पुढच्या वर्षीसाठी जूनमध्येच एक तक्ता करा. प्रत्येक खेळाडूपुढे चार रकाने: जन्मदाखला, जनरल रजिस्टर, आधार, सरकारी पोर्टलवरची नोंद. तारीख मूळ कागद बघून लिहायची, मोबाइलवरच्या फोटोवरून नाही. फोटोत ११ आणि १२, ०१ आणि ०७ हमखास फसवतात. एकाने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं. चारांपैकी एक जरी जुळली नाही तरी ते नाव यादीत जाणार नाही, मग तो कितीही चांगला चढाईपटू असो. आणि १ जानेवारीच्या आगेमागे पंधरा दिवसांत जन्मलेल्यांचे दाखले मुख्याध्यापकांनाही दाखवायचे. स्पर्धा सुरू झाल्यावर चूक तुमच्याच लक्षात आली, तर त्याच क्षणी मुलाला बाहेर बसवून लेखी कळवा.

रजिस्टरमधली तारीख मात्र आत्ताच दुरुस्त करून घ्या. मुख्याध्यापकांनी स्वतः खाडाखोड करायची नाही. जन्मदाखला जोडून शिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव पाठवायचा आणि मंजुरी आल्यावर शेरा मारायचा. मुलगा शाळेत आहे तोवर हे सोपं आहे. दहावीच्या परीक्षेचा अर्ज त्याच तारखेने गेला की पुढची सगळी कागदपत्रं तीच तारीख धरतील. बंदी उठली तर २४ डिसेंबर २०११ च्या जन्मतारखेने तो १७ वर्षांखालील गटात २०२६ आणि २०२७ अशी दोन वर्षं बिनधोक खेळू शकतो. रजिस्टर तसंच राहिलं, तर ६ जानेवारीच्या तारखेमुळे तो कागदावर २०२८ मध्येही पात्र दिसेल, आणि तेव्हाची यादी कदाचित दुसरंच कुणी भरत असेल.